सड्यावरच्या खाणीचा वनस्पती बेसलाइन सर्वे: क्वाड्रॅट किती, कुठे आणि मुख्य म्हणजे कधी?

नवी_बॉटनीवाली

नमस्कार मंडळी. एमएस्सी बॉटनी करून गेल्या वर्षी एका पर्यावरण सल्लागार कंपनीत लागले आणि आता पहिल्यांदाच एक अख्खी साइट माझ्या गळ्यात पडलीये. सिंधुदुर्गात आहे, खाणीची लीज साधारण 50 हेक्टर, आणि खाण सुरू होण्याआधी तिथे काय काय उगवतं याची नोंद, म्हणजे बेसलाइन, करायची आहे. त्यातला निम्म्याहून जास्त भाग सडा, म्हणजे उघडा जांभा कातळ, बाकी उतारावर झाडी आणि काजूच्या बागा, खाली एक वहाळ (ओढा).

ऑफिसात ठरलेला साचा आहे. झाडांना 10 बाय 10 मीटर, झुडपांना 5 बाय 5, गवत आणि बारक्या झाडांना 1 बाय 1. कोअर झोनमध्ये (म्हणजे लीजमध्ये) 10 आणि बफरमध्ये (लीजभोवतीच्या परिसरात) 20 क्वाड्रॅट, म्हणजे मोजणीचे चौकोन, मारायचे, एप्रिलमध्ये चार दिवसांत काम संपवायचं. मागच्या आठवड्यात एक दिवस नुसती पाहणी करायला जाऊन आले. सड्यावर दोरी लावून पहिला 10 बाय 10 आखला तर आत झाड नाही, झुडूप नाही, 1 बाय 1 मध्ये वाळलेल्या गवताचे तीन ठोंब आणि शेळीच्या लेंड्या. दुसरा आखला, तेच. तिसऱ्यात एक करवंदीची जाळी, तीही अर्धी आत अर्धी बाहेर. फॉर्मवर सगळीकडे शून्य शून्य लिहून परत आले तर सर म्हणतात, मग तसंच लिही ना, विरळ वनस्पती, पडीक जमीन, त्यात काय एवढं.

सातबारावर पण पोटखराबाच लिहिलंय, त्यामुळे क्लायंट खूश आहे. पण मला काही हे पटत नाहीये, कॉलेजात असताना आम्ही ऑगस्टमध्ये कासला गेलो होतो आणि तिथला कातळ मी पाहिलेला आहे. तर प्रश्न असे की सड्यावर हा 10-5-1 चा साचा चालतो का, नसेल तर काय करायचं, 30 क्वाड्रॅट पुरतात हे कोणी ठरवलं, आणि एकाच सीझनमध्ये भागतं का. सरांना दाखवता येईल असं काहीतरी सांगा, नुसतं "चूक आहे" म्हटलं तर ते ऐकणार नाहीत.

कातळवेडा

तुमच्या सरांचं म्हणणं खोटं नाही, एप्रिलमध्ये सडा तसाच दिसतो. पण बाजार उठल्यावर गिऱ्हाइकं मोजायला गेल्यासारखं झालं हे. मी रत्नागिरीचा, पंधरा-सोळा वर्षं सडे फिरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

सड्यावरच्या बहुतेक वनस्पतींचं सगळं आयुष्य जून ते ऑक्टोबर एवढंच. पहिल्या एक-दोन पावसात कंदवाल्या येतात. आपल्याकडची दीपकाडी, पांढरी, वासाची, ती जूनमध्ये आणि जुलैच्या सुरुवातीला फुलते आणि तुम्ही ऑगस्टमध्ये गेलात तर पानावरून ओळखायची पंचाईत. मग ऑगस्ट-सप्टेंबरला सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू हे सगळं. आणि गवतं सर्वात शेवटी, सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरमध्ये, कारण तुरा आल्याशिवाय गवताला नाव देणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. ग्लायफोक्लोआसारखी गवतं आपल्या जांभ्याच्या पठारांची खासियत आहेत, जगात दुसरीकडे जाऊन बघायची सोय नाही, आणि एप्रिलमध्ये ती तुमच्या फॉर्मवर "वाळलेलं गवत, ठोंब 3" म्हणून येतात. म्हणून कमीत कमी तीन फेऱ्या: पाऊस लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, ऑगस्टच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात. उतारावरच्या झाडांना हवं तर एप्रिल ठेवा, तिथे फार बिघडत नाही, उलट बऱ्याच झाडांना तेव्हा फुलंफळं असतात.

आता जागा. सडा म्हणजे एक जागा नव्हे, ही गोष्ट डोक्यात बसली की निम्मं काम झालं. उघडा कातळ वेगळा, त्यावर बोटभर मातीचा थर असलेली जागा वेगळी, पाणी साचणाऱ्या उथळ खळग्या वेगळ्या, भेगा वेगळ्या, मोठ्या धोंड्यांची सावली वेगळी आणि जिथे माती जरा खोल आहे, जिथे पूर्वी नाचणी-वरी होत असे, ते पट्टे वेगळे. सीतेची आसवं जिथून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत असतो तिथे असतात, चार हात पलीकडे कोरड्या उंचवट्यावर एक सापडणार नाही. तेव्हा आधी पावसात एकदा नुसतं चालायचं, फोनवर ट्रॅक चालू ठेवायचा आणि या जागांचा कच्चा नकाशा करायचा. मग प्रत्येक प्रकारात आठ-दहा क्वाड्रॅट.

साइज म्हणाल तर मातीच्या थरावर 1 बाय 1 ठीक, दाट असेल तर 50 सेंटिमीटरचा चौकोनही पुरतो. भेगेत चौकोन बसतच नाही, तिथे भेगेच्या लांबीने पट्टा घ्यायचा, 5 मीटर लांब आणि 20 सेंटिमीटर रुंद, म्हणजे क्षेत्रफळ परत 1 चौरस मीटरच येतं. खळगी छोटी असेल तर अख्खी खळगी हेच युनिट धरा, लांबी रुंदी खोली लिहा. 10 बाय 10 सड्यावर फक्त करवंद, निवडुंग असल्या तुरळक झुडपांसाठी.

आणि मोजायचं काय? गेंदाचे बोंड मोजत बसू नका, वेड लागेल. ठोंबाचं गवत एक की पाच यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. आच्छादन, म्हणजे चौकोनाचा किती भाग त्या जातीने झाकलाय ते, टक्क्यांत घ्या. वायरिंगचा पीव्हीसी पाइप घेऊन 1 मीटरची चौकट करा, तिला दर 10 सेंटिमीटरवर आडवी-उभी सुतळी बांधा, 100 घरं होतात, एक घर म्हणजे 1 टक्का. थोडा सराव झाला की सुतळीपण लागत नाही, आपला पंजा बोटं मिटून ठेवला की साधारण टक्काभर झाकतो. पहिल्या दिवशी दोघांनी वेगवेगळे आकडे लिहायचे आणि मग ताडून बघायचं, एक 20 म्हणतोय आणि दुसरा 45 तर आधी ते भांडण मिटवायचं आणि मगच पुढे जायचं.

खुंटी ठोकायला जाऊ नका, जांभ्यात जात नाही, हातोडीच उडते. आणि जीपीएसची चूक 3 ते 5 मीटरची, तुमचा चौकोन 1 मीटरचा, म्हणजे पुढच्या वर्षी तोच चौकोन नुसत्या जीपीएसने सापडणार नाही. जवळच्या दोन न हलणाऱ्या धोंड्यांपासून टेपने अंतर मोजून लिहा आणि चौकटीसकट फोटो काढा, मागे काहीतरी ओळखीचं दिसेल असा. काही लोक ऑइलपेंटने खुणा करतात, ते कृपा करून नको. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, 2022 मध्ये त्यातल्या काही जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या आणि अजूनही नवीन सापडतात. मातीखाली अर्धवट दिसणारी एखादी रेघ म्हणजे काय हे आपल्याला माहीत नसतं, त्यावर लाल पेंट मारून ठेवायचा का?

साइटवरचा_भाऊ

कातळवेडा यांचं सगळं मान्य, पण जरा प्रॅक्टिकल बोलूया. मी या लायनीत नऊ वर्षं काढली. मायनिंगच्या टर्म्स ऑफ रेफरन्समध्ये, म्हणजे अभ्यासात काय काय हवं याच्या सरकारी यादीत, स्पष्ट लिहिलेलं असतं, पावसाळा सोडून एका सीझनचा डेटा. मार्च ते मे, किंवा ऑक्टोबर ते डिसेंबर, किंवा डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा, पाणी, आवाज, माती, फ्लोरा, फॉना सगळं एका दमात. क्लायंट चार दिवसांचे पैसे देतो. तीन फेऱ्या आणि सहा प्रकारच्या जागा म्हटलं की तो दुसऱ्या कन्सल्टंटकडे जातो, आणि तो दुसरा दोन दिवसांत करून देतो. या पोरीची नोकरी नवीन आहे, तिला भरीला घालू नका.

बाकी 10-5-1 काही आकाशातून पडलेलं नाही, कॉलेजच्या प्रॅक्टिकलपासून सगळीकडे तेच चालतं, मंजुरी देणाऱ्या कमिटीलाही तेच बघायची सवय आहे.

कातळवेडा

भाऊ, "एक सीझन" हे कमीत कमी आहे. त्याहून जास्त करू नका असं कुठे लिहिलंय? पावसाळा वगळलाय तो मुळात हवेसाठी, पावसात धूळ खाली बसते आणि आकडे उगाच चांगले येतात म्हणून. तोच नियम झाडांना लावला की बरोबर उलटं होतं, ज्या काळात सगळं दिसतं तोच काळ वगळला जातो. हवा-पाणी तुम्ही मार्च-मेला घ्या ना, फ्लोराची पावसाळी फेरी पुरवणी म्हणून जोडा. बेसलाइन डेटा तीन वर्षांपर्यंत जुना चालतो, म्हणजे एक पावसाळा थांबल्याने कुणाचं काही बुडत नाही. शिवाय त्याच टर्म्समध्ये असंही लिहिलेलं असतं की दुर्मिळ, धोक्यातल्या आणि प्रदेशनिष्ठ (फक्त त्याच भागात सापडणाऱ्या) जातींची माहिती कोअर आणि बफरची वेगवेगळी द्या, प्रत्यक्ष फील्ड सर्वेवरून द्या. प्रदेशनिष्ठ जाती सड्यावर जमिनीखाली कंदात नाहीतर बियांत झोपलेल्या असताना हे एप्रिलमध्ये कसं करणार ते मला एकदा दाखवाच.

आकडेमोड्या

मी बॉटनीवाला नाही, स्टॅटिस्टिक्सवाला आहे, पण अशा डेटाचं विश्लेषण करून देतो म्हणून दोन पैसे माझेही.

30 क्वाड्रॅट पुरतात का? नुसता आकडा निरर्थक आहे. 1 बाय 1 चे 30, सगळे लीजमध्येच धरले तरी, म्हणजे 30 चौरस मीटर, तुमची लीज 50 हेक्टर म्हणजे 5 लाख चौरस मीटर, म्हणजे 0.006 टक्के. हे ऐकायला भयंकर वाटतं पण टक्केवारीने फारसं काही ठरत नाही, ठरतं ते क्वाड्रॅट-क्वाड्रॅटमध्ये फरक किती आहे यावर. आधी आठ-दहा मारून बघायचे, ज्याची सरासरी हवीये (समजा आच्छादन) तिचा विचलन गुणांक (प्रमाण विचलन भागिले सरासरी, टक्क्यांत) काढायचा. तो 60 टक्के आला आणि तुम्हाला सरासरी 20 टक्के चुकीच्या आत हवी असेल तर 2 गुणिले 60 भागिले 20, त्याचा वर्ग, म्हणजे 36 क्वाड्रॅट, आणि तेही एका प्रकारच्या जागेसाठी. एकसारखी जागा असेल, गुणांक 30 असेल तर 9 मध्ये भागतं. म्हणूनच कातळवेडा म्हणतात तसं आधी जागा वेगळ्या करणं फायद्याचं, प्रत्येक कप्प्यात फरक कमी होतो आणि एकूण कष्टही कमी होतात. प्रकार न पाडता सगळ्या सड्यावर सरसकट चौकोन टाकत गेलात तर गुणांक 150 पण येईल, मग करा हिशोब, 225.

जातींच्या यादीसाठी वेगळं गणित. क्वाड्रॅट वाढतील तशा नवीन जाती किती येतात त्याचा आलेख काढा, तो आडवा होत नसेल तर काम अपुरं आहे. अजून सोपी युक्ती म्हणजे फक्त एकाच क्वाड्रॅटमध्ये दिसलेल्या जाती किती आणि बरोबर दोन क्वाड्रॅटमध्ये दिसलेल्या किती ते मोजा. उदाहरण घ्या, एकूण 42 जाती सापडल्या, त्यातल्या 12 एकेकदाच, 6 दोनदा. 12 चा वर्ग 144, त्याला 2 गुणिले 6 ने, म्हणजे 12 ने भागा, उत्तर 12. म्हणजे अंदाजे अजून 12 तरी जाती तिथे आहेत ज्या तुम्हाला दिसल्या नाहीत, खरी संख्या 54 च्या आसपास किंवा वर. याला चाओ-2 म्हणतात, आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ओळीत होतं पण कॅल्क्युलेटरवरही होतं. सरांना दाखवायला हेच न्या. "मला वाटतं कमी आहे" यापेक्षा "आपल्याच डेटावरून 12 जाती सुटल्यात" हे जास्त लागतं.

एक चूक सगळे करतात. एका 10 बाय 10 च्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये मिळून पाच 1 बाय 1 लावतात आणि दहा प्लॉटचे 50 नमुने झाले म्हणून सांगतात. ते 50 नाहीत, 10 च आहेत, एका प्लॉटमधले पाच एकमेकांचे भाऊबंद. हर्लबर्टने 1984 मध्ये यावर लिहून ठेवलंय, खोटी पुनरावृत्ती म्हणून, चाळीस वर्षं झाली तरी लोक करतातच. पाचांची सरासरी घ्या आणि प्लॉटची एक संख्या धरा.

आणि रँडम म्हणजे डोळे मिटून चौकट मागे फेकणं नव्हे. माणूस बरोब्बर मोकळ्या जागेत फेकतो, काट्यात कोणी फेकत नाही. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक प्रकारच्या जागेचा पॉलिगॉन काढून त्यात रँडम पॉइंट टाका, घरूनच. दर प्रकाराला चार-पाच राखीव पॉइंट पण ठेवा, एखादा पॉइंट विहिरीत किंवा कड्यावर पडला तर राखीव यादीतला पुढचा घ्यायचा, "जरा बाजूला सरकवून" घ्यायचा नाही. खळग्या क्षेत्रफळाने टक्काभर असतील, तरी तिथे आठ-दहा मारायचेच, पण अख्ख्या लीजची सरासरी सांगताना त्या टक्काभराचंच वजन द्यायचं. हे वजन द्यायला विसरलात तर सडा तळं वाटायला लागेल.

चांद्याचा_रानगडी

चांदा ते बांदा म्हणतात तसं, तुम्ही बांद्याकडचे आणि मी चांद्याचा, कोळशाच्या खाणींच्या आजूबाजूला रानात काम केलंय. आमच्याकडे सडाबिडा काही नाही, साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, बिबा. पण ताई तुमच्या उतारावरच्या झाडीला कामी येईल म्हणून सांगतो.

झाडांना आमच्याकडे 10 बाय 10 लहान पडतो. विरळ सागवानात एका प्लॉटात तीन झाडं येतात, पुढच्यात शून्य, मग वर आकडेमोड्या भाऊंनी सांगितलं तसा गुणांक वाढतो. 20 बाय 20 घ्या, किंवा 31.6 बाय 31.6, म्हणजे सरळ 0.1 हेक्टर होतं आणि हेक्टरी काढायला दहाने गुणलं की झालं. बुंध्याचा घेर 1.37 मीटर उंचीवर, 30 सेंटिमीटर आणि वर असेल ते झाड, त्याखालचं पोल किंवा रोप. काठीवर 1.37 मीटरला खूण करून ती बुंध्याला लावा आणि टेप तिथेच आडवा धरा, नाहीतर सकाळी छातीवर आणि दुपारी थकल्यावर पोटावर मोजलं जातं, खरं सांगतो.

सगळ्यात मोठा घोळ फुटव्यांचा. सागाचं तोडलेलं खोड फुटतं, एका बुडातून दोन-तीन खोडं. समजा दोन खोडं, प्रत्येकी घेर 40. पोरं काय करतात, 40 आणि 40 मिळून 80 लिहितात. आता घेराचा वर्ग भागिले 12.57 असं बुंध्याचं क्षेत्रफळ निघतं. 40 चं येतं 127, दोन मिळून 255 चौरस सेंटिमीटर. पण 80 लिहिलं तर 509, सरळ दुप्पट! मग आयव्हीआयमध्ये (कुठल्या जातीचं किती महत्त्व ते सांगणारा निर्देशांक) सागाचा आकडा फुगतो आणि बाकीची झाडं गरीब दिसतात. प्रत्येक खोडाचा घेर वेगळा लिहायचा, क्षेत्रफळं मिळवायची, झाड मात्र एकच मोजायचं. तुमच्याकडे काजूला पण असंच होत असणार, खालूनच फांद्या फुटतात त्याला. बांबूचं बेट एक धरा, आतल्या काठ्या वेगळ्या मोजा.

उतारावर टेप जमिनीला टेकवून 10 मीटर मोजू नका. 30 अंशांचा उतार असेल तर जमिनीवर 11.55 मीटर धरले की नकाशावरचे 10 होतात. आणि कडेवरच्या झाडाचं आधी ठरवा, दोन बाजू आत धरायच्या, दोन बाहेर. तुमची अर्धी करवंद त्यातच सुटली.

सीझनचं म्हणाल तर आमच्याकडे पण एप्रिल-मे बेकारच. तेंदूपत्त्याच्या हंगामात वणवे लागतात, खालचं सगळं काळं, फॉर्मवर हर्ब शून्य. ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. अस्वल असतं पण, एकटं जाऊ नका.

घाई असेल आणि झाडी विरळ असेल तर पॉइंट सेंटर्ड क्वार्टर पण चालतं, एका बिंदूभोवती चार दिशांना सगळ्यात जवळचं एकेक झाड, अंतराची सरासरी 4 मीटर आली तर एका झाडाला 16 चौरस मीटर, हेक्टरी 625. प्लॉट आखायची झंझटच नाही. फक्त झाडं घोळक्याने असतील तर हे गंडतं.

साइटवरचा_भाऊ

आता बोललोच आहोत तर एक सांगतो. मी आधी जिथे होतो तिथला एक अहवाल माझ्या हाती तपासायला आला, साइट कोकणातली, आणि बफर झोनच्या झाडांच्या यादीत देवदार! कोणीतरी हिमाचलातल्या प्रोजेक्टची यादी उचलून नावं बदलताना एक विसरला. मी दाखवलं तर उत्तर काय, काढून टाक, बाकी यादी ठीक आहे. बाकी यादी ठीक कशी असेल हो? त्या दिवसापासून मी दर प्लॉटचा फोटो आणि हाताने भरलेली शीट परिशिष्टात लावायला लागलो. कोणी मागत नाही, पण लावतो. म्हणजे मी विरोधात आहे असं समजू नका, पोरीला काय झेपेल तेवढंच बोललो.

वहाळाकडचो

मी काय बॉटनीवालो नाय, पण सडो आमच्या दाराफुडे आसा म्हणून लिवतंय. बाकीचं मराठीतच लिहितो, सगळ्यांना कळूदे.

तुम्ही लोक सड्यावर येता, चौकोन आखता, जाता. कोणी विचारत नाही. विचारलंत तर म्हातारी माणसं सांगतील कुठली खळगी दिवाळीपर्यंत भरलेली असते आणि कुठली गणपतीतच आटते. पावसात आमची गुरं त्याच "पडीक" सड्यावर चरतात. फोडशीची भाजी तिथूनच येते, अळंबी धोंड्यांच्या कडेला. नवरात्र झालं की गवत कापायला घेतात, म्हणजे तुमची ऑक्टोबरची फेरी गवत कापायच्या आधी हवी, नाहीतर परत तेच ठोंब मोजाल. आणि फेब्रुवारी-मार्चला काही ठिकाणी आग पण घालतात.

सड्यावर पडलेलं पाणी खाली वहाळात आणि आमच्या विहिरींत येतं हे पण कुठेतरी लिहा. आणि उताराच्या खाली देवाची राय आहे का बघा, बहुतेक गावांत असते. तिथे मानकऱ्यांना विचारल्याशिवाय कोयता घेऊन शिरू नका ताई, चपला पण बाहेर.

कातळवेडा

दादा, तुमचं हे ऑक्टोबरचं लाखमोलाचं आहे. माझ्याकडून राहिलंच होतं, मी स्वतः एकदा कापलेल्या सड्यावर पोचलोय आणि कपाळाला हात लावून परत आलोय.

देवराईवरून आठवलं, नवी_बॉटनीवाली, तुलनेसाठी एक जागा लागेलच. खाणीच्या धुळीच्या आणि उतरत्या पाण्याच्या बाहेर असलेला असाच दुसरा सडा शोधा आणि तिथेही त्याच आठवड्यात तेच क्वाड्रॅट मारा. नाहीतर पाच वर्षांनी सीतेची आसवं कमी झाली तर ती खाणीमुळे की त्या वर्षी पाऊस कमी म्हणून, हे कोणीच सांगू शकणार नाही. खाण संपल्यावर काय परत आणायचं हेही याच कागदावरून ठरतं. गोव्यात खाणींच्या जुन्या डंपांवर (टाकाऊ मातीच्या ढिगांवर) जाऊन बघा, ऑस्ट्रेलियन बाभूळ उभी आहे हिरवीगार, उपग्रहावरून बघितलं तर आधीपेक्षा जास्त हिरवं. आधी तिथे काय होतं त्याचा कागद नसला की हिरवं म्हणजे झालं, असंच होणार.

नवी_बॉटनीवाली

सगळ्यांचे खूप आभार, हा धागा प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवला. आकडेमोड्या यांचं 0.006 वाचून ते हसले आणि 12 सुटलेल्या जातींवर गप्प झाले. साइटवरचा_भाऊ, तुमच्या काळजीबद्दल पण थँक्यू, नोकरी शाबूत आहे. शेवटी तोडगा असा निघाला की झाडांचं काम एप्रिलमध्ये उरकायचं आणि सड्यासाठी दोन पावसाळी फेऱ्या, जुलै आणि ऑक्टोबर, फक्त मी आणि एक ट्रेनी. ऑगस्ट नाही मिळाला. गावातले एक आजोबा सोबत यायला तयार झालेत.

नवी_बॉटनीवाली

अपडेट देते. परवा जुलैची फेरी झाली. एप्रिलचा पहिला चौकोन फोटोवरून शोधून काढला, जिथे तीन ठोंब आणि लेंड्या होत्या. तिथे मातीच्या थरावर 1 बाय 1 टाकला आणि मोजता मोजता 14 जाती झाल्या, अर्ध्याअधिक अंगठ्याएवढ्या उंचीच्या. दीपकाडी आजोबांनीच दाखवली, पलीकडे धोंड्याजवळ, दोन फुलं शिल्लक होती. मी उभी होते तिथून तीन पावलांवर, पण मला दिसली नव्हती.

आता अडचण. चौदापैकी पाच मला ओळखता येत नाहीत. तीन गेंदासारखे वाटतात, पण नुसती पानांची झुपकी आहेत. यांचं काय करू? फॉर्मवर नाव मागतात. आणि प्रेस केलेले नमुने दोन दिवसांत काळे पडून बुरशी आली.

कातळवेडा

नाव माहीत नसेल तर देऊ नका, गेंद 1, गेंद 2, गेंद 3 असं लिहा आणि शेवटपर्यंत तेच नंबर पाळा. गेंदाची जात पानावरून नाही ठरत, बोंडातली बारीक फुलं आणि बी सूक्ष्मदर्शकाखाली बघावं लागतं, त्यामुळे ऑक्टोबरच्या फेरीत पिकलेली बोंडं त्याच जागेवरून घ्या, थोडीच, आणि जमीन वनखात्याची असेल तर परवानगी घेऊन. नमुने मग पुण्याला बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षण) हर्बेरियमशी, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहाशी, ताडून घेता येतील. बुरशीसाठी कागद दिवसातून दोनदा बदला आणि प्रेस रात्री चुलीच्या वरच्या माळ्यावर ठेवा, मासे सुकवायला ठेवतात तिथे. वास लागतो पण झाडं वाचतात. लिहायला पेन्सिलच, पेनची शाई वाहून जाते.

आणि छत्री नेऊ नका सड्यावर, वारा उलटी करतो. आजोबांकडे जुनं इरलं असेल तर मागून घ्या.

नवी_बॉटनीवाली

छत्री पहिल्याच दिवशी गेली, वहाळात.